धुराविना धूम्रपान : एका घरगुती उपकरणाची कुळकथा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. माझा एक जुना विद्यार्थी भर पावसात घरी आला. तो आता वायरमनचे काम करतो. हात पुसून त्याने रुमालात गुंडाळलेली एक वस्तू माझ्या टेबलावर ठेवली. वरकरणी ती विजेरीची जुनी नळी होती. आत लॅपटॉपच्या टाकून दिलेल्या बॅटरीतून काढलेला एक सेल, टोकाला तारेचे एक बारीक वेटोळे, त्यातून ओवलेला कापूस आणि तोंडाशी एक नळकांडे. कळ दाबली की तार तापे आणि कापसात मुरलेल्या द्रवाचे धुके उठे.

“सर, बाबांसाठी केलं आहे,” तो म्हणाला. “दिवसाला विडीची दोन बंडलं लागतात. डॉक्टर म्हणाले, छाती आता सोसणार नाही. यानं विडी सुटेल का? आणि हे देऊ की नको?”

मी आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकविले. वैद्यक हा माझा विषय नव्हे. म्हणून मी त्याच्याकडून चार दिवस मागून घेतले. त्या चार दिवसांत जे वाचले आणि पडताळून पाहिले, तेच आज आपल्यापुढे ठेवीत आहे. त्या मुलाच्या हातातील वस्तूला आपण इलेक्ट्रॉनिक सिगारेट म्हणतो. ती कालपरवाची दिसत असली तरी तिची कुळकथा बरीच मागे जाते, आणि त्या कथेचा पहिला धागा आपल्याच दख्खनात सापडतो.

तंबाखू ही मूळची अमेरिका खंडातील वनस्पती. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यास लागली आणि गोव्यामार्गे विजापूरच्या दरबारात पोहोचली. अकबर बादशहाचा वकील असदबेग हा शाहजादा दानियालच्या विवाहाच्या निमित्ताने इब्राहिम आदिलशहाकडे आला होता. परत जाताना त्याने विजापुराहून तंबाखू नेली, तिच्यासाठी रत्नजडित नळी करविली आणि १६०४ च्या सुमारास हा नजराणा आग्र्यास बादशहापुढे ठेवला. दरबारातील हकिमाने तत्काळ हरकत घेतली. हे औषध अपरीक्षित आहे, आपल्या विद्वानांच्या ग्रंथांत त्याचा उल्लेख नाही, तेव्हा बादशहांनी ते घेऊ नये, असे त्याचे म्हणणे. असदबेगाने उलट विचारले की, फिरंग्यांत शहाणी माणसे नाहीत की काय? आणि जी गोष्ट कोणी कधी वापरलीच नाही, तिचे गुणदोष कळावेत तरी कसे? अकबराला हा युक्तिवाद आवडला. त्याने दोन-चार झुरके घेतले, परंतु सवय लावून घेतली नाही. दरबारी मंडळींनी मात्र ती लावून घेतली. पुढे १६१७ मध्ये जहांगीराने तंबाखूला मनाई केली. ती मनाई कितपत पाळली गेली, हे आजच्या पानपट्ट्या सांगतीलच. आग्र्यात हा वाद रंगला, त्याच १६०४ साली इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने तंबाखूच्या विरुद्ध एक पुस्तिका प्रसिद्ध केली होती.

श्रोतेहो, हा वाद ध्यानात ठेवावा. एक म्हणतो, ‘परीक्षा झाल्याखेरीज घेऊ नका’. दुसरा म्हणतो, ‘घेतल्याखेरीज परीक्षा व्हावी कशी?’ चारशे वर्षांनंतर हाच प्रश्न माझ्या टेबलावर विजेरीच्या नळीच्या रूपाने येऊन पडला होता.

तंबाखूचा धूर घसा भाजतो, हे लोकांना अनुभवाने कळलेच होते. त्यावर तोड म्हणून धूर पाण्यातून ओढण्याची युक्ती निघाली. हुक्क्याचे श्रेय पुष्कळदा अकबराचा हकीम अबुल फतह गिलानी याला देतात. परंतु हा हकीम १५८९ मध्येच वारला, आणि असदबेगाने तंबाखू आणली ती त्यानंतर पंधरा वर्षांनी. तेव्हा ही आख्यायिका जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. हुक्क्याचे एक नाव मात्र आपली उत्पत्ती स्वतःच सांगते. पश्चिम आशियात त्यास ‘नर्गिल’ म्हणतात. फारसीत नारळाला ‘नारगिल’ म्हणतात आणि त्या शब्दाच्या मुळाशी आपला संस्कृत ‘नारिकेल’ आहे. नारळाची करवंटी, बोरूची नळी आणि मातीची चिलीम एवढ्या साहित्यात गरिबाची गुडगुडी तयार होई. घरच्या घरी, साध्या वस्तूंतून, धूर सौम्य करण्यासाठी केलेले ते उपकरण होते, आणि माझ्या विद्यार्थ्याच्या नळीची ती खापरपणजी म्हणावी लागेल. पाण्याने धूर गार झाला. परंतु त्यातील विष धुऊन निघते ही समजूत खोटी ठरली. कार्बन मोनॉक्साइड आणि डांबर पाण्याला दाद देत नाहीत, हे आज प्रयोगांनी सिद्ध झालेले आहे.

यानंतर रसायनशास्त्र पुढे आले. १८२८ मध्ये हायडेलबर्ग येथे पॉसेल्ट आणि रायमान या दोघा जर्मन संशोधकांनी तंबाखूतून निकोटिन शुद्ध स्वरूपात वेगळे केले. व्यसन लावणारे द्रव्य ते हेच. परंतु माणसाला मारते ते मुख्यतः काय, याचा उलगडा होण्यास आणखी सव्वाशे वर्षे लागली. १९५० मध्ये अमेरिकेत विंडर व ग्रॅहम यांनी आणि ब्रिटनमध्ये डॉल व हिल यांनी धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांतील संबंध आकड्यांनिशी दाखवून दिला. १९६२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने आणि १९६४ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलने आपापले अहवाल प्रसिद्ध केले. जळती सिगारेट ओढताना तिच्या टोकाशी सुमारे ९०० अंश सेल्सिअस उष्णता निर्माण होते. त्या भट्टीत वनस्पतीचे ज्वलन होऊन हजारो रसायने जन्मास येतात. घात करते ते मुख्यतः हे ज्वलन. मायकेल रसेल या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने १९७६ मध्ये हेच सूत्ररूपाने मांडले होते, की माणूस ओढतो निकोटिनसाठी आणि मरतो डांबराने.

मग ज्वलनच टाळले तर? ही कल्पना त्याआधीच काहींच्या मनात आली होती. न्यूयॉर्कच्या जोसेफ रॉबिन्सन यांनी १९२७ मध्ये विजेवर चालणाऱ्या बाष्पकाच्या एकस्वासाठी अर्ज केला. १९३० मध्ये त्यांना एकस्व मिळाले. औषधी द्रव्याची जळण्याच्या भीतीविना वाफ करून ती हुंगावी, हा त्यांचा हेतू होता. ते यंत्र बाजारात आले नाही. त्यानंतर पेनसिल्व्हेनियातील हर्बर्ट गिल्बर्ट यांनी १९६३ मध्ये ‘धूररहित, तंबाखूरहित सिगारेट’ या नावाने अर्ज दाखल केला आणि १९६५ मध्ये त्यांना एकस्व मिळाले. गिल्बर्ट स्वतः सिगारेट ओढणारे. जळता कागद व जळती तंबाखू काढून टाकून त्यांच्या जागी उबदार, ओलसर आणि सुगंधी हवा द्यावी, अशी त्यांची साधी विचारसरणी होती. त्यांच्या उपकरणात निकोटिनही नव्हते. त्यांनी नमुने तयार केले, कंपन्यांना दाखविले. पण कोणी हात पुढे केला नाही.

कल्पना योग्य असूनही ती का फळली नाही? येथे पदार्थविज्ञान आपल्या मदतीस येते. या उपकरणाला तीन गोष्टी लागतात. पहिली, लाल होईपर्यंत तापूनही न वितळणारी व न गंजणारी तार. ती गिल्बर्टपाशी होती. निकेल आणि क्रोमियम यांच्या मिश्रधातूचे एकस्व अमेरिकन अल्बर्ट मार्श यांनी १९०६ मध्ये घेतले होते, आणि आपल्या घरची इस्त्री व शेगडी याच नायक्रोमच्या वंशातील. दुसरी गोष्ट, मध्यम उष्णतेवर धुके देणारा द्रव. प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन ही द्रव्येही ठाऊक होती. नाटकाच्या रंगमंचावर कृत्रिम धुके करतात ते अशाच द्रव्यांपासून. तिसरी गोष्ट, बोटाएवढ्या आकारात पुरेशी शक्ती साठविणारा आणि पुनःपुन्हा भरता येणारा सेल. तो मात्र नव्हता. लिथियम-आयन सेल बाजारात आला १९९१ मध्ये. ज्या सेलने आपले दूरध्वनी खिशात आणले, त्यानेच गिल्बर्टची कल्पनाही खिशात आणली.

मधल्या काळात आणखी प्रयत्न झाले. फिल रे आणि नॉर्मन जेकबसन या अमेरिकनांनी निकोटिनने भिजविलेल्या कागदाची, तार-बॅटरी काहीच नसलेली सिगारेट काढली. १९८७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ती औषध ठरवून बाजारातून बाहेर काढली. एका मोठ्या कंपनीने १९८८ मध्ये तंबाखू न जाळता तापविणारी सिगारेट आणली आणि १९८९ मध्येच ती मागे घेतली.

शेवटी यश आले ते चीनमधील शेनयांगच्या होन लिक या औषधशास्त्रज्ञाला. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात तरुणपणी त्यांना खेड्यात तंबाखूच्या शेतांवर धाडण्यात आले, तेथे सिगारेटची सवय जडली. त्यांचे वडीलही ओढीत. फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांचा अंत झाला. होन यांनी २००३ मध्ये एकस्वासाठी अर्ज केला आणि २००४ मध्ये त्यांचे उपकरण चीनच्या बाजारात आले. त्याचे नाव ‘रुयान’, म्हणजे ‘धुरासारखे’. त्यांच्या मूळ रचनेत द्रवाचे तुषार करण्यासाठी ध्वनितीत कंपनांचा उपयोग केला होता. पुढे सर्वत्र साधी तापणारी तारच रूढ झाली. आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. आपण अधूनमधून सिगारेटही ओढतो, असे खुद्द होन यांनीच पुढे मुलाखतींत कबूल केले. माझ्या विद्यार्थ्याच्या पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या कबुलीत आहे.

यानंतर कथेला वळण लागले. कारखान्यातील सिगारेटच्या आकाराची उपकरणे लवकर दम टाकीत. तेव्हा २००८ च्या सुमारास ब्रिटनमधील दोघा हौशी मंडळींनी विजेरीच्या नळीत मोठा सेल बसवून स्वतःचे उपकरण तयार केले. त्याचे लोण पाश्चात्त्य देशांत पसरले. गॅरेजमध्ये, स्वयंपाकघरात लोक तारा वळू लागले, द्रव मिसळू लागले. कारखान्यातून निघालेली वस्तू पुन्हा गुडगुडीसारखी घरगुती झाली. कारागिराच्या हाताला असे काही करून पाहण्यात विलक्षण आनंद असतो, हे मी शिक्षक म्हणून जाणतो. त्या दिवशी त्या मुलाची जोडणी पाहून माझ्याही तोंडून ‘वा!’ निघून गेले, हे लपवीत नाही.

परंतु गुडगुडी फुटली तर पाणी सांडते. येथे तसे नाही. लिथियम-आयन सेलमध्ये कोंडलेली शक्ती मोठी असते, आणि त्याच्या आतील द्रावण ज्वालाग्राही असते. सेलच्या दोन टोकांमध्ये नको तेथे धातूचा स्पर्श झाला, वरचे वेष्टन सोलले गेले, किंवा संरक्षक मंडलच नसले, तर तो सेल क्षणात भडकतो. आणि बंद नळीत भडकला तर ती नळी तोफेसारखी सुटते. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००९ ते २०१६ या काळात इलेक्ट्रॉनिक सिगारेटच्या स्फोटांच्या व आगीच्या १९५ घटना नोंदविल्या. २०१८ च्या मे महिन्यात फ्लोरिडात आणि २०१९ च्या जानेवारीत टेक्ससमध्ये अशा स्फोटाने एकेका माणसाचा जीव गेला. हे उपकरण ओठांशी धरावयाचे असते, हे विसरता कामा नये.

तार आणि सेल यांहूनही फसवा भाग द्रवाचा आहे. आपला नेहमीचा न्याय असा, की जे खाण्यास चालते ते हुंगण्यासही चालेल. फुप्फुसाला हा न्याय मान्य नाही. २००० साली अमेरिकेतील मिसूरी राज्यात मक्याच्या लाह्यांच्या कारखान्यातील आठ कामगारांना फुप्फुसाचा असाध्य विकार झाल्याचे उघडकीस आले. कारण शोधता लाह्यांना लोण्याचा वास देणाऱ्या डायअसेटिल या द्रव्याच्या वाफेवर बोट ठेवले गेले. ते पोटात गेल्यास निरुपद्रवी मानले जाई. हेच द्रव्य पुढे धुक्याच्या कित्येक सुगंधी द्रवांत आढळले.

याहून मोठा धडा २०१९ मध्ये मिळाला. त्या उन्हाळ्यात अमेरिकेत धडधाकट तरुण श्वास कोंडून रुग्णालयांत दाखल होऊ लागले. २०२० च्या फेब्रुवारीपर्यंत २८०७ रुग्णांची नोंद झाली आणि ६८ जण दगावले. शोधाअंती बहुतेकांनी गांजातील मादक द्रव्याचा, बरेचदा चोरट्या मार्गाने मिळालेला द्रव ओढला होता असे दिसले, आणि तो दाट करण्यासाठी त्यात ई जीवनसत्त्वाचे अॅसिटेट मिसळलेले होते. हे अॅसिटेट आपण गोळीतून गिळतो, मलमातून त्वचेला लावतो. फुप्फुसात मात्र ते जीवघेणे ठरले. ज्यांनी ते मिसळले, त्यांच्यापैकी कोणाला आपण विष कालवीत आहोत असे वाटले असेल काय? अज्ञानाला वास नसतो, श्रोतेहो. शिवाय निकोटिनचा द्रव स्वतःच तीव्र विष आहे. २०१४ च्या डिसेंबरात न्यूयॉर्क राज्यात एक तान्हे बालक अशा द्रवाने दगावले. आणि कापूस कोरडा पडला असता तार तापतच राहिली, तर त्याच साध्या ग्लायकॉल-ग्लिसरीनपासून फॉर्माल्डिहाइडसारखी द्रव्ये निर्माण होतात.

मग या उपकरणाच्या बाजूने काहीच नाही काय? आहे, आणि ते सांगितले नाही तर मी प्रामाणिक राहणार नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत ८८६ जणांना दोन गटांत विभागले होते. वर्षअखेर इलेक्ट्रॉनिक सिगारेट घेणाऱ्यांपैकी १८ टक्के लोकांनी सिगारेट सोडलेली होती. निकोटिनचा डिंक, पट्टी इत्यादी घेणाऱ्यांत हेच प्रमाण ९.९ टक्के होते. फरक लहान नाही. परंतु याच चाचणीत आणखी एक आकडा आहे. सिगारेट सुटलेल्यांपैकी पहिल्या गटातील ८० टक्के लोक वर्षाअखेरीसही धुके ओढीतच होते. दुसऱ्या गटात आपले साधन वापरीत राहिलेले केवळ ९ टक्के. म्हणजे पुष्कळांची कुबडी बदलली, पण कुबडी राहिलीच. त्या चाचणीतील उपकरणे कारखान्यात तयार झालेली, द्रव तपासलेले आणि माणसे समुपदेशकाच्या देखरेखीखाली होती, हेही लक्षात घ्यावे.

शिवाय बापाच्या औषधाची बाटली मुलाच्या हाती लागावी, तसे झाले. अमेरिकेत माध्यमिक शाळांच्या वरच्या वर्गांत या उपकरणाचा वापर करणाऱ्यांचे प्रमाण २०१७ मध्ये ११.७ टक्के होते, ते २०१९ मध्ये २७.५ टक्क्यांवर गेले. ज्यांनी सिगारेटला कधी स्पर्शही केला नसता, असे कित्येक त्यांत होते.

आपल्याकडे कर्नाटक सरकारने २०१६ मध्ये या उपकरणांवर बंदी घातली. २०१९ च्या सप्टेंबरात केंद्र सरकारने वटहुकूम काढला आणि डिसेंबरात त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठा व जाहिरात या सर्वांस मनाई आहे, मग ते संपूर्ण उपकरण असो वा त्याचा एखादा भाग. साठ्याखेरीज इतर बाबतींत पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ओढणाऱ्यासाठी वेगळी शिक्षा सांगितलेली नाही. बनविणारा मात्र कायद्याच्या कक्षेत येतो.

या कायद्यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो मला बिनतोड वाटतो. धुक्याला बंदी आणि विडीला मोकळे रान, हा न्याय कुठला? २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार आपल्या देशातील प्रौढांपैकी २८.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते. विडी ओढणारे ७.७ टक्के, तर सिगारेट ओढणारे ४ टक्के. निपाणीच्या परिसरातील आणि चरोतरातील तंबाखूवर हजारो कुटुंबांची चूल पेटते, हेही आपल्यापैकी अनेकांना घरच्या अनुभवाने ठाऊक आहे. म्हणून विडी राहिली. जुन्या विषाला नातीगोती असतात, नव्याला नसतात. पण जुन्याला आवरता आले नाही, म्हणून नव्यालाही दार उघडावे, असे काही यातून निष्पन्न होत नाही. असदबेगाचे म्हणणे खरे होते, की वापरल्यावाचून परीक्षा होत नाही. ती परीक्षा कोणाच्या छातीवर व्हावी, हे मात्र त्याने सांगितले नाही. हकिमाचे म्हणणे कोणी ऐकले नाही, आणि त्यानंतर चार शतके परीक्षा चालू राहिली.

पाचव्या दिवशी तो मुलगा आला. मी त्याला हे सर्व सांगितले आणि म्हणालो, “तुझी जोडणी उत्तम आहे. पण या सेलला संरक्षण नाही, आणि या बाटलीत काय आहे ते तुलाही माहीत नाही, मलाही नाही. ज्याची छाती आधीच खचली आहे, त्याच्यावर ही परीक्षा नको.”

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “सर, पण बाबा डिंक-पट्टीला हसतात. हे मी हातानं केलेलं होतं, म्हणून घेतो म्हणाले होते.”

या वाक्याने मी अडलो. श्रोतेहो, इतक्या वाचनात मला हे कोठे मिळाले नव्हते. बापाने होकार दिला होता तो उपकरणाला नव्हे, मुलाच्या खटपटीला. मी त्याला एवढेच म्हणालो, की मग ती खटपट थांबवू नकोस, फक्त तिची जागा बदल. शासकीय रुग्णालयांत तंबाखू सोडविण्यासाठी सल्लाकेंद्रे असतात. तेथे तू स्वतः बाबांबरोबर जा, एकट्याने धाडू नकोस. डिंकाचा हिशेब तू ठेव. चहानंतरची विडी सर्वांत अवघड असते, त्या वेळी तू त्यांच्याजवळ बैस.

त्याने माझ्यादेखत नळी उघडली, सेल बाहेर काढला आणि त्याच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून तो वेगळा ठेवला. तार मात्र त्याने खिशात टाकली. ती कुठल्यातरी शेगडीला उपयोगी पडेल, म्हणाला.

परवा तो रस्त्यात भेटला. बाबा आता चार-पाच विड्यांवर आले आहेत, असे सांगत होता. पुरते सुटले का, असे मी विचारले. “नाही सर,” तो म्हणाला, “पण संध्याकाळी आम्ही दोघं चालायला जातो.”